पवई की पालडी? औद्योगिक संकल्पनाच्या दोन वाटा

बारावीचा निकाल लागला की आपल्या वसतिगृहाच्या ओट्यावर पालकांची बैठक बसते. त्या बैठकीत पूर्वी दोन-तीनच शब्द पुन्हा पुन्हा उच्चारले जात: डी.एड., नर्सिंग, आयटीआय. पुढे अभियांत्रिकी आली, त्यानंतर स्पर्धा परीक्षा आल्या. अलीकडे मात्र एक नवाच शब्द आमच्या कानी पडू लागला आहे, तो म्हणजे 'डिझाईन'. चित्रकलेच्या तासाला वही भरून टाकणारी, मोडलेला पंखा उघडून पाहणारी, तारेच्या तुकड्यांतून गाडी वळणारी मुले आपल्या विद्यालयात कधीच कमी नव्हती. या गुणाला विद्यापीठात जागा असते आणि त्यावर सन्मानाने पोट भरता येते, ही बातमी आपल्या वस्त्यांपर्यंत पोहोचायला मात्र फार काळ लागला.

औद्योगिक संकल्पन, म्हणजेच इंडस्ट्रियल डिझाईन, शिकण्यासाठी आपल्या विद्यार्थ्यांपुढे मुख्यतः दोन शासकीय संस्था येतात. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील आयडीसी स्कूल ऑफ डिझाईन ही एक आणि अहमदाबादच्या पालडी भागातील राष्ट्रीय संकल्पन संस्था, म्हणजे एनआयडी, ही दुसरी. दोन्हींत प्रवेश मिळू शकेल अशी विद्यार्थिनी आपल्याकडे निघाली, तेव्हा आम्हा मार्गदर्शन मंडळींना या दोहोंचा बारकाईने अभ्यास करणे भाग पडले. त्या अभ्यासातून जे हाती आले ते पालकांपुढे, माजी विद्यार्थ्यांपुढे आणि उपासक-उपासिकांपुढे ठेवावे, यासाठी हा लेख.

प्रथम हे शास्त्र कोणते, ते पाहू. कापूस वेचणाऱ्या बाईची ओटी आपण सर्वांनी पाहिली आहे. कमरेला गाठ मारलेले ते फडके सकाळी हलके असते. दुपारपर्यंत भरत जाते, पुढे ओढते आणि कंबर मोडून काढते. त्या ओटीचा भार खांद्यावर कसा वाटावा, ती एका हाताने रिकामी कशी करावी, बोंडाची टरफले आत कशी येऊ नयेत, ती गावच्या शिंप्याला शिवता येईल का आणि तिची किंमत एका दिवसाच्या मजुरीच्या आत बसेल का, या सगळ्या प्रश्नांचा एकत्र विचार करून नमुना तयार करणे म्हणजे औद्योगिक संकल्पन. पाठीवरच्या फवारणी पंपाचेही तसेच आहे. पंपातील दाब किती असावा, हे अभियंता ठरवतो. पट्टा खांद्याला काचू नये आणि औषध पाठीवर ओघळू नये, हे पाहणारा कोणी असला तर तो संकल्पक. आपल्या शेतांत फिरणारे बहुतेक पंप पाहिले, तर असा कोणी नव्हता हे कळते.

हा विचार आपल्या परंपरेला परका नाही. विनयपिटकाच्या महावग्गात चीवरक्खन्धक नावाचा एक विभाग आहे. त्यात अशी हकिकत येते की, दक्षिणागिरीच्या वाटेवर तथागतांनी मगधातील शेते पाहिली. बांधांनी आखलेली, चौकोनी, ओळीत मांडलेली ती खाचरे दाखवून त्यांनी आनंदाला विचारले की, भिक्खूंसाठी या आखणीचे चीवर तुला करता येईल का? आनंदाने तसे चीवर करून दाखवले आणि तथागतांनी त्याच्या बुद्धीची प्रशंसा केली. यातील व्यवहार पाहण्यासारखा आहे. कापड तुकड्यांचे असल्याने टाकून दिलेल्या चिंध्याही कामी येतात. कापलेल्या वस्त्राला बाजारात भाव नसतो, म्हणून चोराचा मोह सुटतो. आणि आखणी एकदा ठरली की कोणत्याही विहारातील कोणताही भिक्खू ते शिवू शकतो. वस्तू कोण वापरणार, ती कशापासून होणार आणि पुन्हा पुन्हा तशीच कशी करता येणार, ही तीनही प्रश्नचिन्हे तेथे आहेत. आज संकल्पनाच्या वर्गात पहिल्या महिन्यात हेच शिकवतात. फरक इतकाच, की तेथे आनंदाचे नाव कोणी घेत नाही.

आता दोन्ही संस्थांकडे वळू. एनआयडी वयाने मोठी. भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन संकल्पक दांपत्य येथे आले, देशभर फिरले आणि एप्रिल १९५८ मध्ये त्यांनी 'इंडिया रिपोर्ट' सादर केला. त्याच्या आधारे १९६१ साली अहमदाबादेत ही संस्था उभी राहिली. साराभाई कुटुंबातील गौतम आणि गिरा या भावंडांनी तिची घडी बसवली. संस्था केंद्राच्या वाणिज्य व उद्योग मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. पूर्वी येथे पदविका मिळत असे, त्यामुळे जुन्या पिढीतील काही जाणकार आजही 'तिथली पदवी चालत नाही' असे सांगतात. ते आता खरे नाही. २०१४ च्या कायद्याने ती राष्ट्रीय महत्त्वाची संस्था झाली आणि तिला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला.

ईम्स यांच्या त्या अहवालात आपल्या साध्या लोट्याची मोठी वाखाणणी आहे. लोटा कोणा एका माणसाने घडवला नाही, पिढ्यांनी घडवला, असे सांगून ते विचारतात: आज नवा लोटा करायचा तर काय काय पाहावे लागेल? पाणी किती मावावे, हातात कसा बसावा, डोक्यावर आणि कमरेवर कसा तोलला जावा, ओतताना धार कशी पडावी, धातू कोणता, किंमत काय. प्रश्नांची ती मालिका प्रत्येक शिक्षकाने वाचावी अशीच आहे. मात्र महाडचे चवदार तळे ज्यांच्या स्मरणात आहे, त्या आपल्यासारख्या वाचकांना तेथे एक प्रश्न न विचारलेला दिसतो. तो लोटा कोणाला शिवता येत होता आणि कोणाला ओंजळ पुढे करून वरून पाणी घ्यावे लागत होते? वस्तूच्या घाटाबरोबर वस्तूला लागलेला विटाळही पिढ्यांनीच घडवला होता. आपल्या मुलामुलींनी या क्षेत्रात का जावे, याचे एक उत्तर आम्हांला या न विचारलेल्या प्रश्नात सापडते. पाहुण्यांच्या नजरेतून जे निसटते, ते घरच्या नजरेला दिसते.

पवईची संस्था १९६९ ची. इंडस्ट्रियल डिझाईन सेंटर या नावाने ती भारतीय तंत्रज्ञान संस्थेत सुरू झाली. तिची उभारणी करणारे प्रा. सुधाकर नाडकर्णी हे मराठी गृहस्थ. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकून ते जर्मनीतील उल्म येथील विख्यात संकल्पन विद्यालयात गेले. परत आल्यावर त्यांनी काही काळ अहमदाबादेत अध्यापन केले आणि मग पवईला हे केंद्र उभे केले. पुढे गुवाहाटीच्या आयआयटीतील संकल्पन विभागही त्यांच्याच हातून घडला. म्हणजे आज आपण ज्या दोन संस्थांना एकमेकींच्या स्पर्धक समजतो, त्यांच्या मुळाशी एकच उल्मची शिस्त आहे. पवईत दीर्घकाळ फक्त पदव्युत्तर शिक्षण होते आणि तेथे मुख्यतः अभियंते व वास्तुविशारद येत. बारावीनंतरचा चार वर्षांचा बी.डेस. अभ्यासक्रम २०१५ मध्ये सुरू झाला. त्यातच एक वर्ष वाढवून एम.डेस.सह बाहेर पडण्याची सोयही आहे.

पवईच्या कामाचा एक नमुना प्रत्येक पालकाच्या बोटाखालून गेलेला आहे. मतदान यंत्राचे बाह्य रूप, चिन्हांसमोर कळांची मांडणी, अक्षर न येणाऱ्यालाही एका दृष्टिक्षेपात उमजेल अशी त्याची रचना, हे काम आयडीसीतील अध्यापक प्रा. ए. जी. राव व प्रा. रवी पूवय्या यांनी केले. त्या यंत्राविषयीचे राजकीय वाद येथे बाजूला ठेवू. एका व्यक्तीचे एक मत आणि प्रत्येक मताचे मोल एक, हे तत्त्व ज्या समाजाने जिवापाड जपले, त्या समाजातील म्हातारी कोणाचीही मदत न घेता निळी कळ दाबू शकते, यात संकल्पनाचा वाटा आहे, एवढेच लक्षात घ्यावे. संगणकावर मराठी वाचताना जी 'मंगल' अक्षरे आपण पाहतो, ती घडवणारे र. कृ. जोशीही पवईलाच शिकवत. रुपयाचे चिन्ह २०१० साली स्वीकारले गेले. त्याचे रचनाकार डी. उदयकुमार यांनी पीएच.डी.चे संशोधन तेथेच केले.

एनआयडीच्या कामाचे नमुनेही घरोघरी आहेत. स्टेट बँकेचे निळे वर्तुळ आणि दूरदर्शनचे बोधचिन्ह तेथलेच. पण आम्हांला आवर्जून सांगावेसे वाटते ते जवाजाच्या प्रयोगाविषयी. राजस्थानात जवाजा हा दुष्काळी भाग आहे; त्या काळी तो अजमेर जिल्ह्यात होता. अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेचे प्रा. रवी मथाई यांनी १९७५ च्या सुमारास तेथे काम उभे केले आणि एनआयडीचे अध्यापक व विद्यार्थी त्यात सामील झाले. जवाजात चामड्याचे काम करणारे रैगर होते आणि विणकर होते. कातडे कमावण्याचे कौशल्य त्यांच्याकडे पिढ्यांचे होते. पण गावाने त्या कौशल्याला अस्पृश्यतेचा शिक्का मारला होता आणि भाव व्यापारी ठरवत होता. संकल्पकांनी त्यांच्याबरोबर बसून शहरात खपतील अशा पिशव्या, पट्टे व सतरंज्यांचे नमुने तयार केले. पुढे त्या कारागिरांनी स्वतःची संघटना केली आणि ते स्वतः बाजारात उतरले. बाबासाहेबांनी आपल्याला मेलेली ढोरे ओढण्याचे काम सोडायला सांगितले, ते योग्यच होते. कारण ते काम सक्तीचे आणि अपमानाचे होते. जवाजाच्या कारागिरांची वाट निराळी होती. ती बरोबर की आपली, असा वाद आमच्या बैठकीत तासभर रंगला आणि मिटला नाही. मात्र असा वाद ज्यांच्या घरात होऊ शकतो, असे विद्यार्थी या संस्थांत पुष्कळ असावेत, यावर आमचे एकमत झाले.

आता प्रत्यक्ष शिक्षणातील फरक. एनआयडीचे पहिले वर्ष सर्वांना समान, पायाभूत असते. रंग, आकार, भूमिती, साहित्याची ओळख यांत विद्यार्थी वर्षभर बुडालेला असतो. त्यानंतर शाखा ठरते: उत्पादन संकल्पन, फर्निचर, सिरॅमिक व काच, वस्त्र, आलेखन, ॲनिमेशन, प्रदर्शन, चित्रपट. शाखेतील जागा थोड्या असतात, प्रत्येकी दहा-वीसच्या आसपास. त्यामुळे अहमदाबादला प्रवेश मिळाला म्हणजे उत्पादन संकल्पन मिळालेच असे कोणी समजू नये. तेथील बलस्थान म्हणजे कार्यशाळा. लाकूड, धातू, प्लास्टिक, माती, माग. हात मळवल्याशिवाय तेथे दिवस जात नाही. विद्यार्थ्यांना कारागिरांच्या गावी पाठवून त्यांच्या हस्तव्यवसायाचे तपशीलवार दस्तऐवजीकरण करवून घेण्याची जुनी परंपराही तेथे आहे.

पवईत बी.डेस.ला अशा घट्ट शाखा नाहीत. वस्तू, दृश्यसंज्ञापन, ॲनिमेशन, वाहने, संगणकाच्या पडद्यावरील आंतरक्रिया या सर्वांतून विद्यार्थी फिरतो आणि आपला कल शोधतो. कार्यशाळा तेथेही आहे. बांबूवरील आयडीसीचे काम तर प्रसिद्धच आहे. परंतु पवईचे खरे वैभव शेजारात आहे. भिंतीपलीकडे यंत्र अभियांत्रिकी, संगणकशास्त्र, ग्रामीण तंत्रज्ञान असे सगळे विभाग. ज्याला फवारणी पंप नव्याने घडवायचा आहे, त्याला तेथे पंपाचे गणित करणारा मित्र भोजनगृहात भेटतो. एनआयडीचा परिसर लहान, सर्वांचा एकच विषय. पवई म्हणजे एक गावच. लाजाळू विद्यार्थ्याला यांपैकी कोणते मानवेल, ते त्याच्या स्वभावावर आहे. लहान जागेत शिक्षकाचे लक्ष राहते, पण तोंड लपवायलाही जागा नसते.

प्रवेशाची रीतही वेगळी आहे. पवईसाठी 'युसीड' ही परीक्षा. ती बहुधा जानेवारीत होते. एक भाग संगणकावर सोडवायचा, दुसरा भाग हाताने चित्र काढण्याचा. आणि पहिल्या भागात ठरावीक पल्ला गाठला तरच दुसऱ्या भागाची उत्तरपत्रिका तपासतात. बारावीची कोणतीही शाखा चालते, मुलाखत नाही, गुणानुक्रम लागला की झाले. मात्र लागोपाठच्या दोन वर्षांतच ही परीक्षा देता येते. पवईच्या बी.डेस.च्या एकूण जागा सदतीस. पंधरा टक्के आरक्षणाने अनुसूचित जातींच्या वाट्याला त्यांतल्या पाच-सहा येतात, हे आकडे पालकांनी नीट ऐकावेत. एनआयडीची परीक्षा दोन टप्प्यांची: पूर्वपरीक्षा आणि नंतर मुख्य. मुख्य परीक्षेत समोर काही साहित्य ठेवून त्यातून वस्तू घडवायला सांगतात. आपल्या मुलांना हा टप्पा अवघड जाऊ नये, असे आम्हांला वाटते. तार, चिंधी, पुठ्ठा यांतून खेळणे करण्याचा सराव त्यांना कोणत्याही शिकवणीवर्गाहून अधिक झालेला असतो.

अडचण आहे ती भाषेची. युसीडची प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते. आपले बहुतेक विद्यार्थी घरी आहिराणी बोलतात, वर्गात मराठी लिहितात, आणि इंग्रजी ही त्यांची तिसरी भाषा. खरी कसोटी तर प्रवेशानंतर लागते. संकल्पनाच्या शिक्षणात प्रत्येक कामाअखेरीस 'ज्यूरी' होते. विद्यार्थी आपले काम मांडतो आणि चार-पाच परीक्षक त्याला प्रश्न विचारतात. वस्तू उत्तम असूनही 'का केली' हे सांगताना जीभ अडखळली की गुण जातात, आणि गुणांपेक्षा आत्मविश्वास अधिक जातो. शहरी, इंग्रजी शाळांतून आलेल्या सोबत्यांना घरातच चित्रसंग्रहालये, परदेशप्रवास, महागडे वर्ग लाभलेले असतात. ही दरी दोन्ही संस्थांत सारखीच आहे. एक जवळची आणि दुसरी दूरची, असे नाही. म्हणून आठवीपासूनच शनिवारी दुपारी विद्यार्थ्याने आपली एक वस्तू वर्गापुढे ठेवून तिच्याविषयी पाच मिनिटे बोलावे, आधी आहिराणीत, मग मराठीत आणि वर्षअखेरीस इंग्रजीत, असा क्रम आम्ही कलाशिक्षकांना सुचवला आहे. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा आपली मुले देतातच. त्यांत नक्षी आणि स्थिरचित्र येते. पण वस्तू कशी चालते हे दाखवणारे रेखाटन येत नाही. ते वेगळे शिकवावे लागेल.

अंतराचा मुद्दा पालक फार धरून बसतात. पवई महाराष्ट्रात आणि अहमदाबाद परराज्यात, म्हणून मुलीला पवईलाच धाडावे, असे पुष्कळांचे म्हणणे. वस्तुतः अमळनेरला गाडीत बसले की ताप्तीकाठच्या मार्गाने सुरत आणि तेथून अहमदाबाद. सुरत-उधन्याला तर आपल्यापैकी अनेकांचे सगेसोयरे आहेतच. या मुद्द्यावर अधिक शब्द खर्च करण्याचे कारण नाही.

पैशाच्या मुद्द्यावर मात्र खर्च करायला हवेत. आयआयटीत अनुसूचित जातींच्या पदवी विद्यार्थ्यांना शिकवणी शुल्क माफ असते. वसतिगृह, भोजन आणि इतर आकार भरावे लागतात. एनआयडीचे शुल्क एका सत्राला लाखाच्या वर जाते. त्यावर उपाय म्हणजे केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची 'टॉप क्लास' शिष्यवृत्ती. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर अधिसूचित संस्थांतील निवडक विद्यार्थ्यांना शुल्क, निर्वाह आणि संगणकासाठी साहाय्य मिळते. परंतु 'निवडक' हा शब्द विसरू नये. प्रत्येक संस्थेला संख्या ठरवून दिलेली असते. शिवाय कोणतीही शिष्यवृत्ती मंजूर होणे आणि ती हाती येणे यांत महिने जातात, हे आपल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याला ठाऊक आहे. संकल्पनाच्या अभ्यासात साहित्याचा खर्चही सतत असतो: कागद, रंग, फोम, लाकूड, नमुन्याची छपाई. हा खर्च माहितीपुस्तिकेत ठळक अक्षरांत नसतो.

त्यात वेळापत्रकाचा पेच. युसीडच्या जागावाटपाच्या फेऱ्या आधी सुरू होतात आणि जागा राखायची तर रक्कम भरावी लागते. एनआयडीचा अंतिम निकाल बहुधा त्यानंतर लागतो. ज्याच्या घरी पैसे आहेत, तो दोन्ही दारांत पाय ठेवून उभा राहू शकतो. मजुराच्या घरी तसे नसते.

ज्या विद्यार्थिनीमुळे हा सारा खल झाला, तिच्या घरी तसेच होते. वडील महामार्गालगतच्या एका फॅब्रिकेशनच्या दुकानात ट्रॉल्या जोडण्याच्या कामाला. आई हंगामात कापूस वेचणीला. मुलीने दहावीच्या सुट्टीत आईसाठी जुन्या दप्तराचे पट्टे लावून एक ओटी शिवली होती. तिचे चित्र आणि तिच्यातील चुका, दोन्ही तिच्या वहीत होते. पवईचा क्रमांक हाती आला आणि पुढे अहमदाबादच्या यादीतही नाव आले. तीन बैठका झाल्या. आमच्यापैकी बहुतेकांचे मत पवईच्या बाजूने होते. शुल्क माफ; आयआयटी हे नाव गावात सर्वांना कळते; आणि उद्या या क्षेत्रात मन रमले नाही, तरी त्या नावावर दुसरे दार उघडते. पुण्याच्या एका कारखान्यात असलेले आपले माजी विद्यार्थी मात्र अहमदाबादसाठी अडून बसले. त्यांचे म्हणणे, 'या मुलीची बुद्धी बोटांत आहे. तिला आधी चार वर्षे कापड, लाकूड आणि लोखंड यांत राहू द्या.' वडील गप्प होते. शेवटी एवढेच म्हणाले, 'सर, नाव कोणतं मोठं ते तुम्ही सांगा. पैसे किती दिवसांत लागतील ते मी सांगतो.'

आई काय म्हणते, असे आम्ही विचारले. त्या माउलीने विचारले की, दोन्हीपैकी कोणत्या शाळेत बाया काम करतात तिथे पोरींना घेऊन जातात? या प्रश्नाचे उत्तर दोन्ही संस्थांच्या पुस्तिकांत शोधावे लागले. दोन्हीकडे क्षेत्रभेटी आहेत. पण कारागिराच्या गावी राहून अभ्यास करण्याची परंपरा अहमदाबादची अधिक जुनी. मुलीने त्याच रात्री अहमदाबाद ठरवले. पहिल्या वर्षानंतर उत्पादन संकल्पन मिळेल याची हमी नाही, हे आम्ही तिला दोनदा सांगितले. 'वस्त्र मिळालं तरी ओटी करता येईल,' असे तिचे उत्तर होते. पदवीनंतर एम.डेस.साठी पवईचे दार बंद होत नाही, आणि पवईहून अहमदाबादलाही जाता येते, ही गोष्ट त्या वेळी सर्वांनाच धीर देणारी ठरली. आजही आमच्यातील काही जण म्हणतात की, तिने पवई घ्यायला हवी होती. हा लेख छापायला जाताना तिचे पायाभूत वर्ष चालू आहे आणि शाखा ठरायची आहे.

तिचे पहिल्या सत्राचे शुल्क वर्षावासातील धम्मप्रवचनांच्या वेळी उपासक-उपासिकांनी दिलेल्या दानातून आणि दोन माजी विद्यार्थ्यांच्या उसनवारीतून भरले गेले. सम्यक आजीविकेविषयी आपण विहारात बोलतो. त्या वेळी ते दानपेटीतून दिसले. परंतु दर वर्षी अशी धावपळ करणे बरे नव्हे. म्हणून पहिल्या सत्राच्या शुल्काइतका एक फिरता निधी विद्यालयाने राखावा, शिष्यवृत्ती हाती आली की विद्यार्थ्याने ती रक्कम परत करावी आणि ती पुढच्या विद्यार्थ्याला मिळावी, असा प्रस्ताव आम्ही संस्थेच्या कार्यकारिणीपुढे ठेवला आहे. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. त्या शिष्यवृत्तीवर शिकलेल्या घरांतील दुसरी-तिसरी पिढी आज आपल्या माजी विद्यार्थ्यांत आहे. निधीची सुरुवात तेथून व्हावी, अशी अपेक्षा आहे.

शेवटी कागदपत्रांविषयी, कारण याच ठिकाणी दर वर्षी कोणी ना कोणी अडकतो. बौद्ध विद्यार्थ्यांना केंद्रीय संस्थांत अनुसूचित जातीचा लाभ मिळतो, तो १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात झालेल्या दुरुस्तीमुळे. मात्र त्यासाठी जातीचा दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यात असावा लागतो. राज्याच्या नमुन्यातील नवबौद्ध दाखला तेथे पुरेसा धरला जात नाही. अकरावीत असतानाच सेतू केंद्रातून प्रांत कार्यालयाकडे त्यासाठी वेगळा अर्ज करावा. जात पडताळणीचे प्रमाणपत्र राज्याच्या योजनांसाठी लागते, त्याची फाईलही त्याच वर्षी द्यावी. उत्पन्नाचा दाखला चालू आर्थिक वर्षाचा असावा. आधार, दहावीचे गुणपत्रक आणि जातीचा दाखला यांवरील नावाची अक्षरे तंतोतंत जुळतात का, ते पाहावे. आडनावात एका अक्षराचा फरक असला तरी अर्ज लटकतो. दोन्ही परीक्षांचे अर्ज बहुधा दिवाळीच्या आगेमागे निघतात. त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेची छापील प्रत विद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवण्यात येईल. पालकांनी ती रविवारी सकाळी येऊन पाहावी. ज्यांना इंग्रजी वाचणे कठीण जाते, त्यांना ती वाचून दाखवण्यासाठी अकरावीतील दोन विद्यार्थी तेथे बसतील.